दोन खुर्च्या आणि एक झाडू

आमच्या गोडाऊनच्या पत्र्याखाली दुपारी एवढं तापायचं की कीबोर्डवरची अक्षरं वितळून शेजारच्या बटणावर सरकायची. ‘ए’ दाबावा तर ‘एस’ उमटायचा. हे मी सांगतो तेव्हा लोक हसतात. हसू देत. ज्यांनी भिवंडीचा ऑक्टोबर पत्र्याखाली काढलेला नाही, त्यांच्याशी वाद घालायची ताकद आता माझ्यात उरलेली नाही.

गोडाऊन औषधांचं. खाली पेट्यांच्या थप्प्या, वर लाकडी माळा आणि माळ्यावर तीन कॉम्प्युटर. एकावर मी, एकावर पडघ्याहून येणारी कल्पना, आणि तिसऱ्यावर आमचे मास्टर. दोन हजार चार-पाचचा सुमार. तेव्हा आमच्याकडे गोडाऊनं अशी उगवत होती की सकाळी ड्युटीला जाताना जिथे भाताचं शेत दिसायचं, तिथे संध्याकाळी येताना शटर लागलेलं असायचं आणि आत कोणीतरी जेवणाचा डबा उघडून बसलेलं असायचं.

मास्टर साठीला टेकलेले. जुन्या भिवंडीतल्या कोकणी मुसलमान घरातले. ‘मास्टर’ हे नाव त्यांना आधीच्या धंद्यातून चिकटलेलं. तीस वर्षं त्यांनी जॅकार्डची कार्डं पंच केली होती. जॅकार्ड म्हणजे लूमच्या, कापड विणायच्या मागाच्या, डोक्यावर बसणारं यंत्र. त्याला भोकं पाडलेली पुठ्ठ्याची कार्डं द्यायची. जिथे भोक असेल तिथला दोरा वर उचलला जातो, नसेल तिथला खाली राहतो, आणि अशा हजारो हो-नाहीतून साडीवर कोयरी उमटते. पुढे तो लूमचा कारखाना बंद पडला, आणि मास्टर पन्नाशी उलटल्यावर नातवाच्या वयाच्या पोरांबरोबर कॉम्प्युटर क्लासला जाऊन बसले. ते म्हणायचे, “नवीन काय त्यात? भोक आहे, भोक नाही. मी तीस वर्षं हेच केलं. फक्त इथे हात दुखत नाही.”

लूमच्या खडखडाटात त्यांचे कान अर्धे गेले होते, त्यामुळे मास्टर कुजबुजले तरी खालच्या हमालांना ऐकू जायचं. एकदा त्यांनी माझ्या कानाशी येऊन “शेलार, तुझी पँट मागून उसवलीय” असं हळूच सांगितलं, तर नाक्यावरच्या चहावाल्याने सुईदोरा पाठवून दिला.

शेलार म्हणजे मी. ते माझं आडनाव नव्हे, गाव. मास्टर कोणालाच नावाने हाक मारत नसत. “एका नावाचे दहा जण निघतात. गाव बोल,” असं म्हणायचे. कल्पना ‘पडघा’. मॅनेजर साहेबांनासुद्धा ते ‘उल्हासनगर’ म्हणायचे, तोंडावर.

त्यांच्या खिशात कायम एक चौकोनी भिंग असायचं, कापडातले धागे मोजायचं. एका इंचात किती उभे, किती आडवे, ते त्यातून दिसतं. त्या भिंगातून मास्टर पेपर वाचायचे, औषधाच्या पेटीवरचे नंबर वाचायचे, आणि एकदा कल्पनाच्या डब्यातल्या मेथीच्या भाजीकडे बराच वेळ बघून म्हणाले, “पडघा, यात एक केस आहे. तुझा नाही. सासूचा आहे, मेंदी लावलेला.” कल्पना चार दिवस त्यांच्याशी बोलली नाही. पाचव्या दिवशी आली ती हसतच. केस सासूचाच निघाला होता.

आता त्यांचं खरं वेड सांगतो.

डेटाबेसमध्ये अर्धवट माहीत असलेली गोष्ट शोधायला दोन चिन्हं असतात. एक खालची आडवी रेघ. ती जिथे टाकाल तिथे कुठलंही अक्षर चालतं, पण एकच. दुसरं टक्क्याचं चिन्ह. ते टाकलं की तिथे काहीही चालतं. दहा अक्षरं चालतात, शंभर चालतात, काहीच नसलं तरी चालतं. जगातले सगळे ऑपरेटर टक्का वापरतात. पुढे एक टक्का, मागे एक टक्का, मध्ये आठवतंय तेवढं, आणि ठोका एंटर.

मास्टर टक्का वापरत नसत. रेघेला ते खुर्ची म्हणायचे आणि टक्क्याला झाडू.

मी कामाला लागलो त्या पहिल्या आठवड्यातच त्यांनी मला टक्का टाकताना पकडलं. मागून आवाज आला, म्हणजे अख्ख्या गोडाऊनला आला, “झाडू मारतोस?”

“काय मास्टर?”

“खुर्ची ठेवली की एकच माणूस बसतो. कोण बसेल माहीत नाही, पण एकच. झाडू मारलास तर काय येईल? धूळ येईल, खिळा येईल, कोणाची अंगठी पण येईल. मग बस निवडत.”

“पण मास्टर, मला मधलं आठवत नाहीये ना.”

“नाही आठवत, ठीक आहे. पण किती नाही आठवत? दोन अक्षरं? तीन? किती माहीत नाही, एवढं तरी माणसाला माहीत पाहिजे का नको?”

हे वाक्य मी त्यांच्या तोंडून कमीत कमी दोन लाख वेळा ऐकलं असेल. कमी करून सांगतोय.

कारण ते फक्त कॉम्प्युटरपुरतं नव्हतं. मी जाऊन सांगावं, “मास्टर, तुम्हाला भेटायला कोणीतरी आलं होतं,” की ते विचारणार, “कोणीतरी म्हणजे एक खुर्ची, का झाडू?” घरून फोन यायचा की येताना काहीतरी भाजी घेऊन या. मास्टर फोनवर ओरडायचे, “काहीतरी नको बोलूस! पालेभाजी की फळभाजी? पालेभाज्यांत कितीपैकी एक?” पलीकडून त्यांची बेगम काय बोलायची ते आम्हाला ऐकू यायचं नाही, पण फोन ठेवल्यावर मास्टर मुकाट्याने पिशवी शोधायला लागायचे.

क्वेरी, म्हणजे काय शोधायचं त्याचा हुकूम, ते आधी कागदावर लिहायचे. कागद म्हणजे जॅकार्डची जुनी कार्डं. घरी त्यांचं पोतं भरलेलं होतं. कार्डाच्या कोऱ्या बाजूला माहीत असलेली अक्षरं लिहायची, आणि माहीत नसलेल्या प्रत्येक अक्षरासाठी एक रिकामा चौकोन काढायचा. मग ते टाइप करायचं. मग उजव्या हाताचं बोट एंटरवर नेऊन परत उचलायचं, त्यावर फुंकर मारायची आणि दाबायचं. उत्तर बरोबर आलं की म्हणायचे, “बसला.”

ही सावधगिरी कुठून आली त्याचाही किस्सा आहे. तरुणपणी त्यांनी एका कार्डावर एक भोक जास्त पाडलं होतं. एकच. पण कार्डांची माळ फिरत राहते, त्यामुळे ते भोक प्रत्येक फुलावर उमटलं. चाळीस साड्यांच्या एकूणएक फुलावर काळा ठिपका, माशी बसल्यासारखा. शेठने मास्टरांना हाकललं. दोन महिन्यांनी मालेगावहून निरोप आला की तो माशीवाला माल अजून पाठवा, बायका तोच मागतात. शेठ स्वतः बोलवायला आला. मास्टर परत गेले, पण माशी पुन्हा पाडली नाही. “लोकांना आवडली म्हणून चूक काय बरोबर होते?” हे त्यांचं म्हणणं. यातली मालेगावची गोष्ट माझी असेल कदाचित. माशी त्यांची.

आता माझी चूक. ती कोणालाच आवडली नाही.

दुपारी पत्रा तापला की कोणीतरी वर चढून त्यावरच्या गोणपाटांवर पाणी मारायचं असा आमच्याकडे रिवाज होता. ते काम नरकाचं. पत्र्यावर पाय ठेवला की चपलेचा तळ तिथेच राहायचा आणि आपण पुढे. माझ्यात आणि कल्पनामध्ये असं ठरलं होतं की आदल्या दिवशी ज्याच्या एंट्र्या कमी, त्याने वर जायचं. एंट्री म्हणजे आलेल्या पेटीचा बॅच नंबर कॉम्प्युटरमध्ये भरायचा. आता कल्पना टाइप करायची तेव्हा तिची बोटं दिसायची नाहीत, नुसता वारा लागायचा. पण कोणी किती भरल्या हे कॉम्प्युटर सांगत नव्हता. त्यात ऑपरेटरचं नाव लागायची सोय नव्हती. रोज भांडण. ती म्हणायची माझ्या जास्त, मी म्हणायचो माझ्या.

मग मी अक्कल लढवली. मी भरलेल्या प्रत्येक बॅच नंबरच्या शेवटी एक टिंब द्यायला लागलो. फुलस्टॉप. कोणाच्या नजरेत येणार नाही एवढं. संध्याकाळी शेवटी टिंब असलेल्या एंट्र्या शोधायच्या, की माझा आकडा तयार. आणि कल्पनाचा आकडा म्हणजे एकूण वजा माझा. आकडा कुठून आणतो ते न सांगता भांडायला लागल्यावर मी चार वेळा जिंकलोसुद्धा. बाकी दिवस पत्र्यावर. पण टिंबाची सवय लागली ती लागलीच. वर्षभर मी टिंब देत होतो, आणि मास्टरांना त्याचा पत्ता नव्हता; त्यांची शोधाशोध औषधांच्या नावांवर चालायची, बॅच नंबरावर क्वचितच.

त्या दिवशी दुपारी फॅक्स आला. तापाची साथ होती, पाऊस संपल्यावर येते तशी, आणि पोरांचं तापाचं सिरप ट्रक भरभरून बाहेर जात होतं. फॅक्स त्या सिरपच्या कंपनीचा. एका बॅचमध्ये बिघाड आहे, पेट्या ताबडतोब थांबवा. आणि नेमका बॅच नंबरावर फॅक्सच्या रोलरने काळा पट्टा ओढलेला. के, टी, चार, मग काळं, मग एक, नऊ. कंपनीला फोन लावला तर सतत एंगेज. सगळ्या गावांची गोडाऊनं एकाच नंबरावर तुटून पडलेली.

मॅनेजर माळ्यावर धावत आले. “मास्टर, सगळंच सिरप थांबवू का? खाली टेम्पो भरतोय वज्रेश्वरी लाइनचा.”

मास्टरांनी भिंग काढलं. फॅक्सवरचा काळा पट्टा मोजला. शेजारचे आकडे मोजले. पुन्हा पट्टा मोजला. “दोन आकडे,” ते म्हणाले. “तिसरा मावत नाही. सगळं कशाला थांबवता, उल्हासनगर? ताप सगळ्या गावांत आहे. पोरांना बिनऔषधाचं ठेवायचं का? दोन खुर्च्या. बस्स.”

तेवढ्यात लाइट गेली. लोडशेडिंग. यूपीएस किंचाळायला लागला. त्याचा जीव वीस मिनिटांचा. मास्टरांनी त्या आवाजात कार्डावर चौकोन काढले, टाइप केलं, बोटावर फुंकर मारली आणि एंटर दाबलं.

अकरा पेट्या.

“बसले,” मास्टर म्हणाले. अकरा पेट्यांच्या जागा त्यांनी लिहून दिल्या, हमाल धावले, पेट्या निघाल्या, बाजूला लागल्या. मॅनेजरांनी कपाळ पुसलं. कल्पना म्हणाली, “सुटलो बाबा.”

मी स्क्रीन बघत होतो. अकराच्या अकरा कल्पनाच्या एंट्र्या. एकाच्याही शेवटी टिंब नव्हतं.

दोन खुर्च्या म्हणजे मोजून दोन अक्षरं. नवाच्या पुढे काहीच नाही, असं ती क्वेरी सांगत होती. माझ्या प्रत्येक एंट्रीत नवाच्या पुढे एक टिंब होतं. म्हणजे त्या बॅचच्या मी भरलेल्या पेट्या, असल्या तर, या क्वेरीला दिसतच नव्हत्या. आणि असणार होत्या. त्या आठवड्यात ते सिरप मीसुद्धा भरलं होतं.

खाली टेम्पो भरत होता.

आता हा जो भाग आहे, तो मी आजवर बऱ्याच लोकांना सांगितला आहे, आणि दर वेळी असं सांगितलं आहे की मला एकदम लक्षात आलं आणि मी ओरडलो. तसं झालं नाही. चहा आला होता. मी चहा घेतला. बोललो तर वर्षभराची लबाडी उघडी पडणार होती, कल्पनासमोर, मॅनेजरसमोर. मी स्वतःला सांगत होतो की नसतीलही माझ्या पेट्या. बशीत चहा ओतला, फुंकला, प्यायलो, पुन्हा ओतला. खाली जान्याने टेम्पोचं फाळकं लावल्याचा आवाज आला. जान्या आमचा वज्रेश्वरी लाइनचा ड्रायव्हर. त्याचा हॉर्न दोन सुरांत वाजायचा. तो गेटपाशी वाजला, मग वाड्याच्या रस्त्यावर वाजला, मग यायचा बंद झाला. मी तरी चहा पीत होतो.

एक कप चहाला मी पंचवीस मिनिटं लावली. बाकी सगळं मी फुगवून सांगतो. हे आजवर कमी करून सांगत आलो.

मग मी मास्टरांच्या खुर्चीजवळ गेलो. यूपीएस केव्हाच मेला होता, लाइट नुकतीच परत आली होती, त्यांचा कॉम्प्युटर हळूहळू जागा होत होता.

“मास्टर, नवाच्या पुढे टिंब आहे.”

“कसलं टिंब?”

“माझं.”

त्यांना ऐकू आलं नाही असं वाटून मी पुन्हा सांगितलं. मोठ्याने. सगळं. कल्पनाच्या हातातला कप तिथेच राहिला. “तरीच!” ती म्हणाली. मग काय झालंय ते तिला कळलं, आणि तिने कप खाली ठेवला.

मास्टर ओरडले नाहीत. त्यांनी कार्ड घेतलं, दोन चौकोनांवरून बोट फिरवलं, आणि नवाच्या पुढे काहीतरी काढलं. टाइप केलं. दोन खुर्च्या, एक, नऊ, आणि शेवटी टक्का. बोटावर फुंकर मारायला ते विसरले.

चौदा.

तीन पेट्या जास्त. दोन खाली थप्पीतच होत्या. तिसरी जान्याच्या टेम्पोत.

मोबाइल तेव्हा मॅनेजरकडे होता, जान्याकडे नव्हता. मी माझी मोटारसायकल काढली. वळून बघतो तर मास्टर मागे बसलेले, टोपी हाताने धरून. आयुष्यात दुचाकीवर न बसलेला माणूस. “चल,” ते म्हणाले, आणि शेलारच्या नाक्यावर माझे काका पानाच्या टपरीवरून म्हणाले, “कुठं चल?” इतकं मोठ्याने म्हणाले होते मास्टर.

अंबाडी गेलं. रस्त्यातली मेडिकलं विचारत गेलो. प्रत्येक ठिकाणी जान्या येऊन गेलेला, पण त्या पेटीतलं काही उतरलेलं नव्हतं. वज्रेश्वरी गेली. अकलोलीत टेम्पो दिसला. आत ड्रायव्हर नाही. जान्या गरम पाण्याच्या कुंडात बसला होता, डोक्याला साबण, डोळे मिटलेले.

“जान्या!”

“आरं, तुमी इथं? या, पानी झकास हाय आज.”

“पेटी कुठाय? तापाच्या सिरपची?”

“टेम्पोत हाय की. हितल्या मेडिकलात सहा बाटल्या दिल्या, बाकी हायेत.” मास्टरांचा चेहरा बघून तो साबणासकट बाहेर आला. “काय झालं चाचा?”

मेडिकलवाल्याने पाच बाटल्या परत काढून दिल्या. सहावी विकली होती. अर्धा तास झाला असेल.

“कोणाला?” मास्टरांनी विचारलं.

“नाव नाही माहीत. बाई होती, कडेवर पोर. हिरवी साडी. पाड्यावरची असणार.”

“कुठल्या पाड्यावरची?”

“ते कसं सांगू? चार पाडे आहेत इकडे.”

मी मास्टरांकडे बघितलं. इथे कुठे मोजणार किती माहीत नाही? नाव नाही, घर नाही, पाडा नाही. त्यांनी भिंग खिशात टाकलं, गुडघ्यावर हात ठेवून उठले, आणि म्हणाले, “सगळी घरं.”

पहिल्या पाड्यावर सगळी घरं झाली. हिरवी साडी तीन जणींची निघाली, बाटली कोणाकडेच नाही. मास्टरांचा गुडघा आधीच वाईट. दोन घरांच्या मध्ये ते थांबायचे, आणि थांबले असं मला दिसू नये म्हणून टोपी नीट करायचे. उन्हाने झाडांच्या सावल्यासुद्धा झाडाखाली दडून बसल्या होत्या. मी म्हटलं, “तुम्ही बसा, मी जातो.” ते म्हणाले, “तू पुरे झालास.”

एवढंच बोलले ते त्या दिवसात माझ्याविरुद्ध. मला अजून ऐकू येतं.

दुसऱ्या पाड्यावर मजा झाली. मजाच म्हणायची. मास्टर पहिल्या घरासमोर उभे राहून विचारत होते, “बाई, लहान मूल आहे का घरात? औषध आणलंय का?” त्यांचा आवाज तो असा, पाड्याच्या शेवटच्या घरापर्यंत पोचला. कोणीतरी ओरडलं, “पोलिओवाले आलं!” आणि बघता बघता सगळ्या घरांतून पोरं निघाली. कोणी कडेवर, कोणी हात धरून, कोणी फरफटत. रांग लागली. पोरांनी आ वासले. वीसेक तोंडं, आमच्याकडे बघत, उघडी.

“आम्ही पोलिओवाले नाही,” मी ओरडलो.

“मग वरडता कशाला?” एक म्हातारी म्हणाली. “पोरं उठवली ना झोपेतली!”

मास्टर त्या रांगेकडे बघत होते. मग त्यांनी हळू आवाजात विचारलं, म्हणजे त्यांच्यापुरत्या हळू, “सगळी पोरं आली?”

“आली की.”

“कोण नाही आलं?”

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. म्हातारीने रांगेवरून नजर फिरवली. “सुगंधीचा न्हाय आनला. ताप हाय त्याला. तापात डोस देत न्हायत ना.”

मास्टर चालायला लागले. धावायला लागले म्हणतो, गुडघ्यासकट.

सुगंधी हिरव्या साडीतच होती. पोर गोधडीवर झोपलेलं, लाल झालेलं. बाटली फळीवर, झाकण उघडलेलं, शेजारी चमचा. चमचा ओला.

“किती दिलं, बेटी?”

“एक चमचा. आत्ताच. का वो?”

मास्टरांनी बाटली उचलून माझ्या हातात दिली आणि पोर स्वतः उचललं. तिला काय सांगावं ते त्यांनाही कळत नव्हतं, कारण बिघाड काय होता हे आम्हाला माहीत नव्हतं. ते कधीच कळलं नाही. ते एवढंच म्हणाले, “औषध बदलायचंय. आमच्याकडून चुकलं. चल दवाखान्यात, आम्ही सोडतो.” आमच्या मागोमाग जान्या टेम्पो घेऊन आला, अंगावर ओला टॉवेल, कानात अजून साबण. वज्रेश्वरीच्या दवाखान्यात आम्ही सगळे बाकावर बसलो. डॉक्टरांनी पोराला बघितलं, बाटली बघितली, आणि थांबा म्हणाले.

थांबलो. तिन्हीसांजा होईपर्यंत थांबलो. सुगंधी पोराचं कपाळ चाचपायची आणि आमच्याकडे बघायची. आम्ही भिंतीकडे बघायचो. मला तेव्हा काय वाटत होतं ते मोठं करून सांगता येत नाही. पोराला खोकला आला तरी मी उठून डॉक्टरांच्या दारापर्यंत जाऊन यायचो.

शेवटी पोराने डोळे उघडले, आजूबाजूला बघितलं आणि जान्याच्या हातातल्या बिस्किटाकडे हात केला. डॉक्टर म्हणाले, “ताप उतरतोय. एका चमच्याने काही झालेलं दिसत नाही. न्या घरी, दोन दिवसांनी आणा.” मास्टर बाकावरून उठायला गेले ते उठता येईना. मी आणि जान्याने दोन बाजूंनी धरून उठवलं. एवढा हलका माणूस होता, हे तेव्हा कळलं.

दुसऱ्या दिवशी मॅनेजरांनी विचारलं, चूक कोणाची. मी पुढे झालो. मास्टर माझ्याआधी बोलले, “क्वेरी माझी. चूक माझी. सगळं थांबवू का म्हणून तुम्ही विचारलं होतं, उल्हासनगर. नको मी म्हणालो.” मॅनेजरांनी त्यांच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि वर पत्र्याकडे बघितलं. “यापुढे दोन्हीकडे टक्का टाकायचा,” एवढंच सांगितलं.

मास्टरांनी मला शिक्षा वेगळी दिली. सगळ्या टिंबांची यादी काढली आणि माझ्यापुढे ठेवली. एका क्वेरीत सगळी टिंबं पुसता आली असती. मी तसं म्हणालोही. “हाताने,” ते म्हणाले. “एक एक. जशी दिलीस तशी.” तीन आठवडे मी टिंबं पुसत होतो. काही दिवसांनी बाजूला खुर्ची ओढून मास्टरही बसायला लागले. त्यांना काहीच करायचं नसायचं, पण बसायचे. पत्र्यावर पाणी मारायला त्या तीन आठवड्यांत रोज कल्पना गेली. मी काही बोललो की म्हणायची, “गप रे. पूस तू.”

शेवटचं टिंब राहिलं ते त्या पेटीचं. जान्याच्या टेम्पोत गेलेल्या. मी बटणावर बोट नेलं तर मास्टरांनी मनगट धरलं.

“हे राहू दे.”

“का?”

दुसऱ्या दिवशी सकाळी ड्युटीवर आल्या आल्या त्यांनी तीच क्वेरी चालवली. दोन खुर्च्या, एक, नऊ. उत्तर आलं तेरा. त्यांनी क्षणभर बघितलं. मग शेवटी टक्का टाकून पुन्हा चालवली. चौदा. मग कामाला लागले. त्यानंतर रोज. बाकी दिवसभर खुर्च्याच. झाडू फक्त तो एक, सकाळी, त्या एका टिंबासाठी.

पुढे त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढला, भिंगाच्याही पलीकडे गेला, आणि त्यांनी काम सोडलं. जाताना जॅकार्डची उरलेली कार्डं मला दिली. कल्पना तिच्या गावाजवळच्या गोडाऊनला लागली. मी मास्टरांच्या खुर्चीवर आलो, आणि मग नवीन सॉफ्टवेअर येईपर्यंत, पुढची कितीतरी वर्षं, रोज सकाळी ती क्वेरी मी चालवत राहिलो. तेरा. मग चौदा.

तेवढ्यात चहा यायचा. तो मी उभ्याने दोन घोटांत संपवायचो. नाक्यावरचा चहावाला म्हणायचा, तोंड भाजेल. भाजायचं. पण बशी मी तेव्हापासून वापरलेली नाही.